पहिल्या बोर्डाची चिप

नवापूर,
ता. ३० मे

प्रिय योहान यास,

वाहिदचा सलाम. (तुमच्या चर्चमध्येही सलामच म्हणतात, त्यामुळे एवढा एक शब्द तरी तू नाकारणार नाहीस अशी आशा आहे.) इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पुढचं वाचून झालं की हे वाक्य खोडून टाक. तुझी तब्येत कशी आहे? पुण्याचं पाणी मानवलं का? केस गळायचे थांबले का, की आता गळायला शिल्लकच नाहीत? अम्मी रोज विचारते की योहान जेवतो काय, आणि मी रोज सांगतो की ज्या माणसानं दोन वर्षांपासून माझा नंबर बंद करून ठेवला आहे तो दुपारी काय खातो हे मला कसं कळणार. त्यावर अम्मी म्हणते, चूक तुझीच असेल. चांदबीच्या पोटी जन्म घेतल्यापासून मी हे वाक्य ऐकत आलो आहे आणि दर वेळी भांडलो आहे. या खेपेला भांडलो नाही, तेव्हा तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पत्र का लिहितो आहे, ते आधी सांगतो. तुझा नवा नंबर फक्त तुझ्या आईकडे, म्हणजे रूपीकाकींकडे आहे, आणि त्या तो देत नाहीत. तुला शब्द दिला आहे म्हणतात. पत्ता फक्त तुझ्या धाकट्या बहिणीला, प्रिस्किलाला, ठाऊक आहे आणि ती तो पार्सलवर लिहिताना दुसऱ्या हातानं झाकते. तेव्हा राहिलं ते दर महिन्याचं पार्सल. नागलीचं पीठ, तूरडाळ, आणि त्यात कोणी कागद घातला तर तो कागद. पण तुझ्या आईचा नियम तुला माहीत आहे. तू कॉलेजात असताना कोणीतरी पिठाच्या पिशवीत चिठ्ठी टाकली की अब्राहामकाकांना दवाखान्यात ठेवलं आहे, आणि तू परीक्षा सोडून एसटीनं घरी आलास. तेव्हापासून पार्सलात जाणारा प्रत्येक कागद प्रिस्किला आधी काकींना मोठ्यानं वाचून दाखवते. चांगली बातमी पार्सलात जाते, वाईट बातमी चुलीत जाते. म्हणून मी बाजारातून डिंकाची मोठी डबी आणली आहे. हे पाकीट मी तिन्ही बाजूंनी असं बंद करणार आहे की तुला ते उघडायला माझ्या दुकानातली पकड लागेल.

तर आता बातमी. काकींच्या शेडातली बॅच गेली. दोन हजार पिल्लं होती, नऊ दिवसांची. त्यातली तेराशे चाळीस एका दुपारात मेली आणि उरलेल्यांपैकी बरीच पुढच्या दोन दिवसांत. तारीख आठ मे, वार शुक्रवार. तू म्हणशील, गेल्या रविवारी आई फोनवर म्हणाली की पिल्लं मोठी झाली, दाणा चांगला खातात. हो, त्या तसंच सांगतात. मी एका रविवारी तिथं बसलो होतो. रिकाम्या शेडाच्या दाराशी खाटेवर बसून त्या तुला सांगत होत्या की आज फार कलकल करतात. तू म्हणे विचारलंस की आवाज कसा येत नाही. त्या म्हणाल्या, आते निजी गयात.

हे कसं झालं ते सविस्तर लिहितो. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, तूच मला शिकवलंस. तरी पहिलीच्या पोराला सांगावं तसं लिहिणार आहे. लिहिल्याशिवाय माझं मलाच उमगत नाही असं समज. (आणि तू शिकवताना मी निम्म्या वेळेला मान हलवत होतो, समजलं म्हणून नव्हे, चहा आला होता म्हणून.)

आपण दोघांनी अकरा शेडांत बोर्ड लावले. बोर्ड म्हणजे भिंतीवरचा पांढरा डबा. शेडातली उष्णता मोजायची, गरम झालं तर पंखे लावायचे, गार झालं तर ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे ते लोंबते हीटर लावायचे, एवढंच त्याचं काम. डब्यात एक चिप, चिपमध्ये तू लिहिलेला प्रोग्राम. आधी सगळ्यांत एकाच जातीची चिप होती. मग ती मिळेनाशी झाली आणि तू तिच्या चुलत भावातली दुसरी आणलीस, त्यासाठी बोर्डही नव्यानं आखलास. जुन्या बोर्डावर तीन नंबरच्या तारेवर पंखे आणि चार नंबरवर ब्रूडर. नव्यावर नेमकं उलट. तू तेव्हा कारण सांगितलं होतंस, मी मान हलवली होती.

आता चिपच्या पाठीवर तिचा नंबर छापलेला असतो. तो मी घासून काढला. अकराच्या अकरा चिपांचा, बारीक काचपेपरनं, एकेक करून, चाळिशी लावून. तू ओरडलास. मी म्हणालो, हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. माझ्या अब्बांनी चाळीस वर्षं जळक्या मोटरी नव्या तारेनं भरल्या, पण कुठल्या मोटरीला किती वेढे हे सख्ख्या भावाला सांगितलं नाही. वेढे मोजताना कोणी दुकानात आलं तर खोकून थांबायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा एकपासून मोजायचे. आपली कला कोणी उचलू नये म्हणून मी नंबर घासले. तू चिडून प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत कागदाची पट्टी चिकटवलीस, ‘जुना’ किंवा ‘नवा’. तू सुट्टी संपवून गेलास आणि मी त्या पट्ट्याही सोलून काढल्या. त्यावरूनच आपलं ते भांडण झालं. तू म्हणालास, एक दिवस तुलाच कळणार नाही की आत काय आहे. मी म्हणालो, मला डबा हातात घेतल्यावर कळतं. माझ्या अब्बांना मोटर हातात घेऊन कळायचं, हे खरं आहे. पण मोटर जड असते, तिच्यात कळण्यासारखं काही असतं.

सात तारखेला वीज वरखाली झाली आणि काकींचा बोर्ड बंद पडला. पडद्यावर नुसती शून्यं. आठ तारखेला सकाळी मी तुझा जुना लॅपटॉप आणि काडेपेटीएवढा तो डिबगर घेऊन गेलो. डिबगर म्हणजे बंद पडलेल्या चिपशी बोलायची वायर. पण तो बोलण्याआधी ओळख विचारतो. समोर कुठला बोर्ड आहे आणि त्यावर कुठली चिप आहे हे त्याला नेमून द्यावं लागतं, त्याशिवाय तो ढिम्म हलत नाही. सांगितलेलं तो खरं धरून चालतो. यादी उघडली तर शेकडो नावं, आणि सगळ्यात वर तू स्वतः भरलेली दोन: लिडिया आणि प्रिस्किला. मोठ्या बहिणीचं नाव जुन्या बोर्डाला, धाकटीचं नव्याला. अरे, बोर्डांना नंबर द्यायचे असतात! मी तुझ्या आईच्या शेडात, तुझ्या आईसमोर, तुझ्या दोन बहिणींतून एक निवडत बसलो होतो. काकी विचारत होत्या काय करतोस, आणि मला सांगायची चोरी.

डबा उघडून पाहिला. इतर शेडांतले डबे तुला आठवतात, धुळीनं आणि पिसांनी राखाडी झालेले, आत मुंग्या. हा डबा लख्ख. झाकण पांढरंशुभ्र, कडेला गंज नाही, तारा पुसलेल्या. मी म्हटलं, हा नवाच. दुसऱ्या वर्षी तू चार शेडांतले बोर्ड बदललेस, त्यात आईचा पहिला बदलला असणार, कोणता मुलगा आईकडे जुना ठेवेल? डबा हातात घेतला आणि मला कळलं. मी प्रिस्किला निवडलं.

लॅपटॉप म्हणाला, चिपला कुलूप आहे, उघडायचं तर आतलं सगळं पुसावं लागेल, पुसू का? मी हो म्हटलं. मग म्हणाला, तुम्ही सांगितलेली चिप आणि मला दिसणारी चिप जुळत नाही, तरी पुढे जाऊ का? मी हो म्हटलं. (मशीननं दोनदा विचारलं. नवापुरात कोणी दोनदा विचारलं तर ते आग्रह करत आहेत असं आपण समजतो आणि हो म्हणतो.) प्रोग्राम चढला. पडद्यावर आकडे आले, हिरवा दिवा लागला, चाचणीचं बटण दाबलं तर रिले, म्हणजे तारांवर वीज सोडणारे स्विच, टिक-टिक वाजले, दोन्ही. टिक कुठल्या तारेवर वाजली हे पाहायला शेडाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं असतं. सत्तर पावलं. शुक्रवार होता, नमाजाआधी घरी जाऊन आंघोळ करायची होती, आणि काकींनी चहा आणला होता. मी चहा प्यायलो. काकींनी ओल्या फडक्यानं डबा पुसला, माझ्या बोटांचे डाग होते म्हणून. तेव्हा कळलं की त्या दर रविवारी चर्चहून आल्या की डबा पुसतात. मी सहज म्हटलं, नवा बोर्ड छान ठेवला तुम्ही. त्या म्हणाल्या, "नवा कसाना? योहाननी बदलाले लयेल व्हता, मीच नही म्हनी. पहिला शे, तोच ऱ्हावू दे."

हे वाक्य मी ऐकलं. कानांनी ऐकलं, पण डोक्यात पोचलं नाही. मी कप ठेवला आणि निघालो.

साडेअकराच्या सुमाराला शेडात ऊन चढलं. बोर्डानं उष्णता बरोबर मोजली, बरोबर ठरवलं की आता पंखे लावायचे, आणि त्याला सांगितलेल्या तारेवर वीज सोडली. त्या तारेवर ब्रूडर होते. बाहेर बेचाळीस आणि आत वरून हीटर. जितकं तापलं तितकं बोर्ड अजून पंखे मागत राहिला आणि ब्रूडर चालू राहिले. तुझ्या प्रोग्रामनं एकही चूक केली नाही, योहान. काकी बाजारात गेल्या होत्या, कारण योहानचं यंत्र पाहतं म्हणून त्या निवांत जातात. दीड वाजता प्रिस्किला कॉलेजमधून आली तेव्हा पिल्लं शेडाच्या ताडपत्रीच्या पडद्याच्या कडेला एकमेकांवर चढून बसली होती, खालची केव्हाच गेली होती. तिनं वीज तोडली आणि मला फोन केला. मी स्कूटरवर गेलो, शेडाच्या दारात उभा राहिलो, आणि मला ते सकाळचं वाक्य ऐकू आलं: पहिला शे. म्हणजे जुना, लिडिया.

बर्ड फ्लूच्या साथीपासून नवापुरात पक्ष्यांसाठी खड्डा खणायला कोणाला शिकवावं लागत नाही. खोल किती, चुना किती, सगळ्यांना पाठ आहे. मी खणला. मोटरी भरणाऱ्या माणसाची कंबर ती, एक फूट गेला आणि मी वाकलो तो वाकलोच. उरलेला प्रिस्किलानं खणला आणि मी वाकलेल्या अवस्थेतच पिल्लं गोळा केली, त्याला ती कंबर सोयीची होती. टोपल्यांनी वाहिली. नऊ दिवसांच्या पिल्लाला वजन नसतं, पण भरलेली टोपली उचलवत नव्हती. शेवटची टोपली झाल्यावर काकी चहा घेऊन आल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "पहिले पी, मंग रड."

दुसऱ्या दिवशी कंपनीचे सुपरवायझर करणसिंगसाहेब आले. पिल्लं कंपनीची, शेड काकींचं, तेव्हा मेल्याचं कारण फॉर्मवर लिहावं लागतं. ते म्हणाले, कारण सांगा. मी सांगायला सुरुवात केली. माझं संपायच्या आत काकी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी शेड झाडी ऱ्हायंती साहेब. मन्हाच हात लागना तारले." साहेबांनी लिहिलं: मालकाचा निष्काळजीपणा. काकींनी अंगठा दिला. वाचलेली थोडी पिल्लं कंपनी घेऊन गेली. नियम असा की या कारणाला पुढची बॅच नाही. तीन आठवडे शेड रिकामं आहे, पंखे स्वच्छ आहेत, तूस झाडून गोणीत भरून ठेवलं आहे. काकी सकाळी उठून शेडात जातात आणि थोड्या वेळानं परत येतात. अब्राहामकाका गेल्यापासून त्यांचं जे काही आहे ते हे शेडच, तुझ्याकडे पुण्याला न येण्याचं कारणही तेच होतं. बघ, तुझ्या आईनं माझ्यासारख्या गाढवाला वाचवायला स्वतःवर आळ घेतला. अशी बाई तालुक्यात नाही.

आता कामाचं. उरलेल्या दहा शेडांतल्या चिपा कुठल्या, हे फक्त तुला ठाऊक आहे. कृपा करून एका कागदावर लिहून पाठव: अमक्याचं शेड, लिडिया, तमक्याचं शेड, प्रिस्किला. तोवर मी डिबगर टिनाच्या पेटीत ठेवला आहे आणि किल्ली अम्मीकडे दिली आहे. यादी आली की झाकणांच्या आत पट्ट्या मी स्वतः चिकटवीन, आणि बाहेरूनही एकेक.

वडीलधाऱ्यांना सलाम, तिकडे जे कोणी असतील त्यांना. प्रकृतीला जप. दुपारी काय खातोस ते मात्र कळव, अम्मी पिच्छा सोडत नाही.

तुझा (अजून म्हणत असशील तर) मित्र,
वाहिद

ता. क. वर एक गोष्ट मी जरा गुळगुळीत करून लिहिली आहे. करणसिंगसाहेबांना मी ‘सांगायला सुरुवात केली’ असं लिहिलं. काय सांगितलं ते लिहिलं नाही. मी म्हणालो, "साहेब, बोर्ड ठीक आहे, पण आतल्या प्रोग्राममध्ये खोट असेल. तो योहाननं लिहिलेला आहे." तोंडातून निघालं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दहा शेडांचे मालक होते, दुकानाची पाटी होती, अब्बांचा फोटो होता. तू पुण्यात होतास, तुला काय फरक पडणार होता. काकी मला वाचवायला पुढे आल्या नाहीत. तुझं नाव फॉर्मवर चढू नये म्हणून आल्या.

ता. क. २. साहेब गेल्यावर काकींनी मला अम्मीची शपथ घातली. "योहानले काही सांगू नको. पोऱ्या तठे एकटा शे, त्यान्हा जीवले लागी जाई." त्यांना वाटतं की त्यांच्या मुलाच्या हातून चूक झाली. तरी रविवारी डबा पुसतात. मी मागच्या रविवारी पाहिलं, वीज नाही, पिल्लं नाहीत, आणि त्या फडकं पिळून डबा पुसत होत्या, हळूहळू. मी तीनदा खरं सांगायला गेलो आणि तीनदा चहा पिऊन परत आलो. समोरासमोर मला जमणार नाही. मी भित्रा आहे हे तुला शाळेपासून माहीत आहे.

ता. क. ३. पाकिटात दुसरा कागद आहे, माझ्या सहीचा. चुकीचा बोर्ड आणि चुकीची चिप मी नेमली, मशीननं विचारूनही पुढे गेलो, चाचणी न पाहता निघून गेलो, मालकाचा किंवा प्रोग्रामचा दोष नाही, असं त्यात आहे. करणसिंगसाहेबांना मी परवा विचारलं, तंत्रज्ञाची चूक लिहून आली तर फॉर्म बदलतो आणि बॅच मिळते. तो कागद पुण्याला जायचा नाही. तो इथेच काढून घ्यायचा आहे.

ता. क. ४. डिंक लावलेला नाही.

काकी, प्रिस्किला वाचता वाचता इथपर्यंत आली असेल. प्रिस्किला, माझी मराठी जड गेली असेल तर त्यांना घरच्या बोलीत पुन्हा सांग, आणि गाढव हा शब्द गाळू नकोस. काकी, अम्मीची शपथ मी मोडली. अम्मीला सांगून मोडली, ती म्हणाली मोड. तुमचा हात तारेला लागला नव्हता. योहानचाही लागला नव्हता. माझा लागला होता. दुसरा कागद साहेबांना द्या. हा चांगल्या बातमीत बसतो की वाईट, ते तुम्ही ठरवा. पार्सल तुमचं आहे आणि चूलही तुमची. डिंकाची डबी मी पिठाच्या पिशवीपाशी ठेवून आलो आहे.